शिट्टी बाद झालेल्याची

नजमा,

आपलं भांडण अर्धवट टाकून तू उठून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. एसटीत, शाळेच्या पायरीवर, फोनवर आणि शेवटी शेवटी तुझ्या पलंगाच्या कडेला बसून आपण दोघी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आलो. मी म्हणायचे, तुझ्या खेळानं मुलांचं काही वाईट झालं नाही. तू म्हणायचीस, झालं. आता माझ्या हाती असं काही लागलंय की तुला एका दमात गप्प बसवलं असतं, आणि समोर तूच नाहीस. रडू येतं ते येतंच, पण त्याहून जास्त चरफड होते.

तुझ्या घरी बायकांची रीघ लागली होती. जी येईल ती म्हणायची, मुलाणीबाई फार शांत होत्या हो. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शांत? अख्ख्या वेल्हे तालुक्यात हिच्या वर्गाइतका गोंगाट कुठल्या वर्गात नव्हता. पण ते कुणाला सांगायचं? तुझ्या सासरच्यांनी तुला घरात पाहिलं. मी तुला पहिली-दुसरीच्या वर्गात पाहिलं, आणि ती बाई वेगळीच होती.

तू आमच्या शाळेत रुजू झालीस तेव्हा मला तू आवडली नव्हतीस. हे तुला मी तोंडावर सांगितलेलंच आहे, त्यामुळे आता लपवण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांची शाळा, दोन बाया. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी तुझ्याकडे. मी उत्रोलीहून मिळेल त्या टेम्पोनं भोरच्या स्टँडवर यायची, तू तुझ्या आळीतून चालत यायचीस. नसरापूरला गाडी बदलायची, फाट्यावर उतरायचं आणि ओढा ओलांडून वाडी गाठायची. या सगळ्या वाटेवर तू बोलायचीस आणि मी हुं हुं करायची. मला वाटायचं, ही पोरगी चार महिन्यांत कंटाळेल आणि भोरजवळची शाळा मागून घेईल.

पण जुलै आला आणि माझी खोली गळायला लागली. तिथला पाऊस कसा असतो, हे भोरच्या माणसालाही पहिल्या वर्षी कळत नाही. मैदानाचा पार चिखल होतो. मुलं खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन यायची, दाराशी टांगायची आणि दिवसभर त्यांतून पाणी ठिबकत राहायचं. माझी मुलं घेऊन मी तुझ्या खोलीत आले. चार वर्ग, एक खोली, दोन फळे. इकडे मी पाढे म्हणून घेतेय आणि तिकडे तू मुलांना गोलात बसवून विचारतेयस, "कोंबडी उड?"

त्या कोंबडीवरून झालेला गोंधळ आठवतो ना? निम्म्यांनी बोट वर केलं, निम्म्यांनी केलं नाही. वर करणारी म्हणाली, "आमची उडती बाई, रातच्याला माळ्यावर बसती." न करणारी म्हणाली, "हॅट, कोंबडी कुटं उडती!" जुंपलीच. माझी चौथीसुद्धा पाढे सोडून त्यात शिरली. मी तुझ्याकडे असं काही पाहिलं की दुसरी कुणी असती तर गप्प झाली असती. तू म्हणालीस, "भांडू नका. आज घरी जाऊन बघा आणि उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी मुलं वेळेच्या आधी हजर. पावसाच्या दिवसांत, भाताची लावणी चालू असताना, जेव्हा निम्मा वर्ग शेतात असायचा, तेव्हा पोरं कोंबडीची बातमी द्यायला चिखल तुडवत आली होती. मी हजेरीपट भरला आणि कौतुक मनातच ठेवलं. पण त्या दिवसापासून मोजताना सातच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी वाजवायचा तुझा खेळ माझ्या चौथीतही आला, हे तू पाहिलं होतंस. पाहून न पाहिल्यासारखं केलंस, त्याचं मला फार बरं वाटलं होतं.

मग ती शिट्टी. भोरच्या बाजारातून आणलेली, लाल दोऱ्यात ओवलेली. तुझा नियम मला पहिल्यांदा कळलाच नाही. तळ्यात-मळ्यात चालू होतं. जमिनीवर खडूची रेघ, अलीकडे तळं, पलीकडे मळा. दुसरीतला संजय चुकला, "तळ्यात" म्हटल्यावर मळ्यात उडी मारली. मी वाट पाहत होते की तू त्याला भिंतीला बसायला सांगशील. तू गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातलीस आणि स्वतः त्याच्या जागी रेघेवर जाऊन उभी राहिलीस. आता संजयनं सांगायचं आणि बाकीच्यांनी उड्या मारायच्या. पुढचा चुकला की शिट्टी त्याच्याकडे आणि संजय पुन्हा ओळीत. दोघं एकदम चुकली तर दोघांनी मिळून सांगायचं. कुणी भिंतीला बसायचं नाही.

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं.

"घंटा झाली ना ताई," तू म्हणालीस. "आता कुठलं जिंकणं."

"याला खेळ म्हणत नाहीत. पोरं शिट्टीसाठी मुद्दाम चुकतील."

"चुकू देत की. दोन दिवस चुकतील. मग त्यांनाच उड्या माराव्याशा वाटतील."

आणि झालंही तसंच. एक सविता सोडून. सविता आठवते, हे तुला काय विचारायचं. तू तिला विसरली असतीस तर आपलं भांडणच झालं नसतं. पहिलीत आली तेव्हापासून ती शाळेत एक शब्द बोललेली नव्हती. घरी बोलायची, आई सांगायची. शाळेत हजेरीलाही नुसती उभी राहायची. ती मात्र रोज मुद्दाम चुकायची. रोज. मला दिसायचं आणि तुलाही दिसायचं. मी म्हटलं, "बघ, ही लबाडी करते." तू म्हणालीस, "करू दे ताई. ती शिट्टी वाजवते तेव्हा सगळे तिच्याकडे बघतात आणि ती लपत नाही." पावसाळा संपता संपता एक दिवस तिनं शिट्टी वाजवली आणि मग एवढ्या मोठ्यानं "मळ्यात!" म्हणाली की माझ्या हातातला खडू पडला. तू तोंड फिरवून फळा पुसत उभी राहिलीस. फळा कोराच होता.

तू मला आणखी एक गोष्ट दाखवलीस. बाद झालेलं पोर भिंतीला बसून करतं काय? चुन्याचे पोपडे काढतं. बसलेल्या मुलाचा हात जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत आमच्या शाळेची भिंत कायम सोललेली असायची. दर वर्षी चुना दिला की दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. तुझी शिट्टी आली त्या वर्षी भिंत उन्हाळ्यापर्यंत तशीच पांढरी राहिली. मी इतकी वर्षं मास्तरकी केली, माझी मुलं त्या भिंतीला बसवली, आणि ती भिंत मी कधी नीट पाहिली नव्हती. त्यानंतर तुझ्याशी मी त्या नियमावरून वाद घातला नाही. उलट माझ्या मुलांनाही तोच लावला.

तुझ्यामुळे मला काय काय मिळालं ते आत्ता लिहायला बसले तर हा कागद पुरणार नाही. डब्यातला तुझा खिमा आणि माझ्या आंबेमोहोराचा भात. रोज्याच्या दिवसांत घसा सुकलेला असतानाही रेघेवर तू मारलेल्या उड्या. मी विधवा झाले त्या वर्षी शाळेत पहिल्यांदा परत आले तेव्हा तू मुलांना गोलात बसवलंस आणि माझ्यासाठी मध्ये जागा ठेवलीस. मी बसले नाही. नऊवारीतल्या सासूबाईंना कुणी सांगितलं तर, असं मला वाटलं. तू नंतरही कितीदा तरी म्हणालीस, "ताई, एकदा तरी रेघेवर या." मी म्हणायचे, "पुढच्या खेपेला." तेही राहिलंच.

आता त्या दिवसावर येते. येऊ नये असं वाटतं, पण आपल्याला कायम तिथंच यावं लागलं.

केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या खेळांच्या स्पर्धा होत्या. थंडीचे दिवस. गावातला दुधाचा टेम्पो ठरवून आपण मुलांना मोठ्या गावच्या मैदानावर नेलं. मंडप, कर्णा, पाहुणे, खुर्च्या, सगळं होतं. लहान गटाला तळ्यात-मळ्यात. आपली मुलं रेघेवर उभी राहिली तेव्हा मी निश्चिंत होते. अख्खा पावसाळा ज्या पोरांनी दुसरं काही केलं नाही, ती काय हरणार!

सविता तिसरीत होती. ती तशी लवकर चुकली, गर्दीला बुजली असेल. पंच गुरुजी म्हणाले, "बाद." आणि सविता सरळ चालत त्यांच्याकडे गेली आणि हात पुढे केला. त्यांना कळेना. ते म्हणाले, "काय गं?" ती हात पुढे करून उभीच. त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहत होती. ते म्हणाले, "बस जा तिकडं!" ती गेली. मग तिच्या वर्गातली मंगल बाद झाली, तीही तशीच गेली आणि हात पुढे केला. मग संजय. मग आणखी दोघं. एकामागून एक आपली पोरं बाद होत होती आणि हात पसरून पंचांपुढे उभी राहत होती. पहिल्यांदा थोडे लोक हसले, मग सगळं मैदान हसायला लागलं. कर्ण्यावरचा माणूस म्हणाला, "ह्या शाळेची मुलं बक्षीस आधीच मागायला लागलीत वाटतं!" मग तर विचारूच नकोस. पाहुण्यांनी डोळे पुसले, इतके हसले.

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा मी विसरू शकत नाही. पदराचं टोक तू दातांत धरलं होतंस.

परत येताना टेम्पोत आपण दोघी पुढे ड्रायव्हरशेजारी, मुलं मागे. मागून कुजबुज ऐकू येत होती. एरवी ही पोरं गाणी म्हणत आली असती. तू म्हणालीस, "बघा ताई, मोठ्यानं बोलतसुद्धा नाहीत. मी त्यांचं हसं केलं."

"हसणारे हसले. त्यात तुझं काय?"

"मी त्यांना जगात नसलेला नियम शिकवला. सविताचा चेहरा पाहिलात? तो हात तिनं किती वेळ धरून ठेवला होता. आता ती पुन्हा बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी तू शिट्टी खिळ्याला टांगलीस. मुलांनी विचारलं तर मोडली म्हणालीस. मोडलेली नव्हती. शिट्टीच नाही म्हटल्यावर माझ्या खोलीतला खेळही बंद पडला. त्यानंतर तुझ्या खोलीत खेळ झाले ते सगळ्या जगासारखे. चुकला तो भिंतीला. "बाद" हा शब्द तू इतक्या हळू म्हणायचीस की मुलांना दोनदा विचारावं लागायचं. सविता बोलायची तशी बोलत राहिली, पण तुझी खात्री पटेना. तू म्हणायचीस, वरवर बोलते. आणि भिंतीचे पोपडे पुन्हा निघायला लागले. मी तुला हाताला धरून नेऊन दाखवले. तू म्हणालीस, "भिंत सोलली तर सोलू दे ताई. लोक तरी हसणार नाहीत."

मी गप्प बसणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. मी तुझ्याशी रोज भांडले. एसटीत लोक वळून बघायचे. कंडक्टर एकदा म्हणाला, "बाई, आता तिकीट तरी घ्या, मग भांडा." मी म्हणायचे, तू मुलांना चुकीचं काही शिकवलं नाहीस, त्या पंचाला अक्कल नव्हती. तू म्हणायचीस, "पंच सगळीकडे तेच असणार आहेत ताई. मुलांना त्यांच्यातच राहायचंय." यावरचं उत्तर मला रात्री अंथरुणावर सुचायचं आणि सकाळी गाडीत सांगितलं तर तू मान हलवायचीस. मग बदल्यांचे आदेश निघाले. तुला पानशेतच्या बाजूची शाळा मिळाली आणि मला आंबवड्याच्या अंगाची. एसटीतलं भांडण एसटीडीच्या बूथवर गेलं आणि तिथून मोबाईलवर. तुझ्या नव्या शाळेत तू खेळ घेतेस का, असं मी दर वेळी विचारायचे. तू म्हणायचीस, "घेते. साधे."

ते "साधे" मला फार लागायचं, नजमा.

मग तुझं आजारपण आलं आणि पुण्याच्या दवाखान्याच्या खेपा. मी निवृत्त झाले होते, मला सवड होती, मी भोरला येऊन बसायची. तू फार बोलायची नाहीस. पण शेवटच्या वेळी, दुपारचं ऊन उतरत असताना, तू आपणहून विषय काढलास. "ताई, ती पोरं आता मोठी झाली असतील. सविता, मंगल, तो संजय. कुठं असतील?"

"असतील कुठंतरी. लग्नं झाली असतील पोरींची."

"एकदा वाडीला जाऊ या. मला त्यांना सांगायचंय की माझं चुकलं."

मी म्हटलं, "तुझं काही चुकलेलं नाही, आणि वाडीला आपण जाऊच. दिवाळी होऊ दे, तुला जरा ताकद येऊ दे." असं म्हणून मी तुझ्या पायांवर चादर ओढली. भोरपासून वाडी काय लांब होती? टेम्पो केला असता, तुला मागे गादीवर निजवून नेलं असतं. मी एकटी गेले असते तरी झालं असतं. पण दिवाळीच्या आधी भात काढायचं होतं, मग माझ्या सुनेची तपासणी होती, मग पाहुणे आले. कारणं सगळी खरी होती. त्या सगळ्या खऱ्या कारणांवर मी आता रोज जळते.

तिसऱ्या दिवशी तुझी जियारत झाली, त्या दुपारी बायका पांगल्यावर एक पोरगी दारात आली. कडेवर मूल, अंगावर हिरवी साडी. चपला काढाव्यात की नाही अशी घुटमळत होती. मी विचारलं, "कोण गं तू?"

"वळखलं न्हाई व्हय बाई? म्या सविता."

नजमा, ती आत येऊन माझ्या पाया पडली आणि शेजारी बसली. आंबवड्यात दिली आहे तिला. बाजारात कुणीतरी बोललं, मुलाणीबाई गेल्या, म्हणून नवऱ्याला सांगून ती तशीच आली होती. थोडी रडली, मग पदरानं तोंड पुसलं आणि बोलायला लागली. बोलते, नजमा. थांबतच नाही.

मी तिला ते विचारणार नव्हते. तिचीच जखम तिलाच कशी विचारायची, असं मला वाटत होतं. पण तुझ्या घरात, तुझ्या रिकाम्या पलंगासमोर बसून मला राहवेना. मी म्हटलं, "सविता, ती स्पर्धा आठवते का गं? तुम्ही शिट्टी मागायला गेलात आणि सगळे हसले?"

"आठवती की! न आठवाय काय झालं?" ती हसली. अगदी मोकळी हसली. "त्या सरांला खेळच म्हाईत नव्हता, बाई."

"म्हणजे?"

"म्या बाद झाले, म्हंजी शिट्टी माजी. म्या हात फुडं केला तर म्हनले, बस जा तिकडं. म्या म्हनलं, आरं द्येवा, ह्यांला कुनी शिकिवलंच न्हाई काय? म्हनून जाताना मंगलला सांगितलं, माझं येकीचं ऐकंनात, तू बी हो बाद आन् जा. मंगल ग्येली. तिचं बी ऐकंनात. मग संज्या ग्येला. आमी समदी मुद्दामच बाद झालो बाई. म्हनलं, येवड्या जनांनी दाखिवल्यावर तरी त्यांच्या ध्यानात ईल."

मी म्हटलं, "आणि लोक हसत होते ते?"

"हसूंदे की. त्यांला कुटं म्हाईत व्हतं? टेम्पोत आमी तेच बोलत व्हतो. म्हनलं, येवडी मोठी शाळा, कर्णा काय, मांडव काय, आन् धड खेळ शिकवत न्हाईत पोरांला. तुमाला ऐकू ग्येलं तर वरडाल म्हनून हळू बोलत व्हतो."

नजमा, ती कुजबुज. ती कुजबुज आपण दोघींनी इतकी वर्षं उरावर वागवली.

मी विचारलं, "आणि मग बाईंनी शिट्टी टांगली त्याचं?"

"मोडली म्हनल्या नव्हं? मग काय, आमी वस्तीवर बोटानं वाजवायचो. पाऊस लागल्यावर आंब्याची कोय घासून पुंगी क्येली. गोठ्यात खेळायचो समदी. बाद झाला त्याला पुंगी. शाळंत बाईंला सांगितलं न्हाई, त्यांला वाटंल शिट्टी मागत्यात. गरीब बाई, कुटनं आनायची त्यांनी दुसरी?"

बघ. तू त्यांना वाचवायला खोटं बोललीस आणि तुझी अडचण होऊ नये म्हणून ती तुझ्यापासून लपवत राहिली. आपण दोघी दिवसभर मुलांना प्रश्न विचारायचो. सात सत्ते किती, आपल्या तालुक्याच्या नदीचं नाव काय, आभाळ कुठल्या दिशेला उजळतं. पण त्या टेम्पोत मागे वळून "तुम्हाला काय वाटलं रे?" एवढं विचारायचं आपल्या मनात आलं नाही. एसटीत बसून आपण एकमेकींशी भांडत राहिलो आणि ज्यांच्यावरून भांडत होतो ती पोरं तासाभरापूर्वी आपल्यासमोर मांडी घालून बसलेली असायची. तुला नाही विचारावंसं वाटलं, कारण तुला लाज वाटत होती. मला का नाही वाटलं? मला वाटत होतं की तुला पटवणं हे माझं काम आहे आणि ते मी माझ्या तोंडानंच करणार. मास्तरणीच आपण, दुसरं काय.

सविताचं पोर एव्हाना खाली उतरून तुझ्या नातवाशी खेळायला लागलं होतं. तिनं जायला म्हणून चपला पायात घातल्या आणि उंबऱ्यात थांबली. खाली बघत म्हणाली, "बाईंला म्हाईत व्हतं नव्हं? आमी गोठ्यात खेळायचो ते? आन् आमाला त्या दिवशी काय सुदिक वाटलं न्हाई ते?"

तिला मी काय सांगायला हवं होतं? तू गेलीस ते तिची माफी मागायची राहिली म्हणत गेलीस, हे त्या पोरीच्या पदरात कसं घालायचं? ती जन्मभर तो हात पुढे केल्याबद्दल हळहळली असती. तुझ्या घरात, तुझ्या जियारतीला, मी खोटं बोलले. मी म्हटलं, "हो गं. बाईंना सगळं माहीत होतं."

तिला फार बरं वाटलं. पोर कडेवर घेऊन ती स्टँडकडे गेली.

तुला माहीत नव्हतं. म्हणून हे सगळं मी आज लिहून काढलं, आणि तुझ्या खोलीत बसून मोठ्यानं वाचलंही. मघाशी तुझी सून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी थांबले नाही. सविताला मी हो म्हणून बसले आहे, नजमा. आता तुला माहीत झालं.